नळीने खाल्लेले चार अंश

४ फेब्रु.
विमानाच्या तापमान-नळीचा पहिला नमुना गरम हवेच्या स्टँडवर लावला. हवा दोनशेला स्थिर. नळी दाखवते एकशे शहाण्णव. तीनदा लावली, तेच. आतली तापमान मोजणारी तार मीच जोडलीय, जोड पक्का. चूक दुसरीकडे.

५ फेब्रु.
सापडली. तार नळीत फार थोडी आत जाते. टोकाची उष्णता तारेतूनच मागे थंड भागाकडे पळते. तार लांब हवी. पण ड्रॉइंग नळ्या मागवणाऱ्या बेंगळुरूच्या इंजिनिअरचं. मालक शेखभाईंना सांगितलं. म्हणाले, सोमवारी बारा नळ्या जायच्यात, ड्रॉइंगप्रमाणे दिल्या तर आपल्याला कोणी बोलणार नाही. खरंय. तरी...

८ फेब्रु., रवि.
राहुरी, घरी. आईला उडत्या विमानातले आकडे सांगितले, आपले हरवलेले चार अंशही. म्हणाली, "भाईर उणे छप्पन्न अन् नळी दोनशे पंधरा दावती? मंग खोटीच की."
सांगितलं, विमान आवाजाच्या अडीचपट वेगात. नळीत शिरलेली हवा अडते, दबते, तापते. ती मोजायची, वेगाचा हिशोब लावून बाहेरची काढायची.
वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "म्हंजी नळीनंच चार अंश खाल्ले तर फुडचा समदा हिशोब चुकला."
दोन दिवस मी इंजिनिअरला पाठवायला हेच इंग्रजीत लिहीत होते!

९ फेब्रु.
सकाळीच इंजिनिअरला फोन. आधी तुटक बोलला. लांब तार थरथरून तुटेल, म्हणून आखूड ठेवली म्हणे. मुद्दा बरोबर. मी म्हटलं, मधे सिरॅमिकचा आधार देते, तीन दिवसांत दाखवते. तयार झाला.
शेखभाई शेजारीच उभे. "तुमी म्हंता तर माल थांबवतो, ताई. पर उशीर का झाला त्या कागदावर नाव तुमचं लिवीन."
लिहा म्हटलं.

१२ फेब्रु.
एकशे साडेनव्व्याण्णव!! कंपनाच्या टेबलावर सहा तास, तार शाबूत. दोन नळ्या बेंगळुरूला रवाना. आपल्या स्टँडवर हवा गरम, पण संथ. खरी परीक्षा तिकडच्या वेगवान हवेत.

१७ फेब्रु.
चाचणी आज. चार वाजले, फोन नाही. आधाराची जागा दोन मिमी पुढे हवी होती का? नाही. आहे तीच बरोबर.
शेखभाई विचारत आले, बाकीच्या दहा नळ्यांच्या तारा कापायच्या की निकाल येईस्तोवर थांबायचं.
म्हटलं, कापा. लांब मापाने.