हिलमनचं हँडल

२४ सप्टेंबर १९७३, सोमवार

राजूरचा कानिफनाथ आला होता. गेल्या वर्षी आपली हिलमन नेली तोच. बॅटरी उतरली की ती गाडी पुढून हँडल फिरवल्याशिवाय सुरू होत नाही, आणि हँडल आपल्याकडे राहिलं. गाडी गेली ती नेमकी खंडेनवमीला. हँडल घटापुढं पूजेला मांडलेलं होतं. पूजेतली वस्तू घट उठेपर्यंत हलवायची नाही, असं मीच म्हटलं. दसरा झाला की नेतो म्हणाला, तो आज आला.

"आमी गाडी उतारावरच उभी करतो, आप्पा. राजूरला उतार लई. पर अकोल्याला, तालुक्याच्या गावी, सपाट लागतं. तिथं पाशिंजरास्नीच ढकलाया लावतो."

हे म्हणाले, "हँडल सापडत नाही रे. रंगकाम काढलं होतं, कुठं गेलं कोण जाणे."

रंगकाम थोरल्याच्या लग्नानंतर झालेलं नाही. हँडल ह्यांच्या कॉटखालच्या ट्रंकेत आहे, जुन्या धोतरात गुंडाळून. मी चहा दिला.

२६ सप्टेंबर

आक्काबाई वन्सं आल्या. "दादाची गाडी दारात होती तोवर भिंगारच्या बाजारात मान होता. पण वहिनी, तुमच्या काटकसरीपुढं काय टिकतंय!"

हे पेपर घेऊन समोरच बसले होते. 'हिनं नाही, मीच विकली' एवढं म्हणायचं होतं. म्हणाले नाहीत. मी गाडी विका असं एकदाही म्हटलेलं नाही. पेट्रोल फार लागतं असं मी म्हणायचे, पण ते मी साखरेबद्दलही म्हणते.

वन्संना पोहे केले. लिंबू नव्हतं.

२८ सप्टेंबर

काल घट बसले. नंदादीप नीट तेवतो आहे.

आरतीनंतर हे गाड्यांवर बोलले. सासरी गेलेल्या लेकींवर बोलावं तसं.

पहिली बेबी ऑस्टिन. कॅम्पातला पाद्री विलायतेला गेला तेव्हा घेतलेली. मोहट्यादेवीचा चढ ती सरळ चढेना, म्हणून उलटी चढवली. देवीकडं पाठ करून गेलो. वर पोचल्यावर मी क्षमा मागितली. ऑस्टिन आता जेऊरला एकाच्या मळ्यात आहे. तिच्यात कोंबड्या राहतात.

मग फोर्ड. ती शेवगावच्या बँडवाल्यानं वरातींसाठी नेली. पुढं एकदा ह्यांनी रस्त्यात तिला ओळखलं, वरातीबरोबर मांडवापर्यंत चालत गेले आणि जेवून आले. लग्न कुणाचं होतं ते आजही माहीत नाही.

मी विचारलं, "विकल्याचं वाईट कुणाचं वाटतं?"

"त्या दोघींचं. हिलमनचं नाही."

"मग तिचं हँडल कशाला दडवलंत?"

उठून कुलूप बघायला गेले.

३० सप्टेंबर

उपासाला वरई. काही विशेष नाही. हे सुट्टी असून दिवसभर घरातच.

१ ऑक्टोबर

कानिफनाथ पुन्हा. ह्या खेपेला बसला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला.

"बाळंतपणाची बाई अकोल्याला न्यायची हुती. ओढ्यापाशी गाडी बंद पडली. आमची गडीमाणसं बाजाराला गेल्ती. तिची सासू ढकलीत हुती."

मी विचारलं, "आणि ती?"

"ती बी उतरली हुती ढकलाया."

"पुढं?"

"पोरगी झाली. गाडीतच. दोघी बऱ्या हायेत." मग ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "आप्पा, हँडल जरा बघा वं घरात."

हे म्हणाले, "बघतो."

पाहुण्यादेखत ह्यांना खोटं पाडायचं नाही म्हणून तो जाईपर्यंत थांबले. मग कॉटखालची ट्रंक ओढली. हे म्हणाले, "खंडेनवमीची पूजा तरी होऊ दे." मी म्हटलं, देवीपुढं यंदा विळी मांडीन. देवीचं हँडलावाचून अडत नाही.

परवा राजूरला जायचं. दोघांनी. नंदादीपात तेल घालायला शेजारच्या रतनबाईंना सांगितलं. घट बसलेले असताना घर सोडते आहे. असं पहिल्यांदाच.

४ ऑक्टोबर, भिंगार

काल राजूरला मुक्काम झाला. आत्ताच पोचलो. दिवा तेवतो आहे.

काय झालं ते लिहून ठेवते.

हिलमन कानिफनाथाच्या दारात होती. आपल्याकडं हिरवी होती, आता निळी आहे. टपावर भाताची पोती. त्यानं हँडल लावून एकदाच फिरवलं. सुरू झाली. माणसं जमली. तो म्हणाला, "आप्पा, बसा. तुमचीच हाय. मारा एक चक्कर."

"नको."

त्याची आई भागूबाई म्हणाली, "का वं? इसरला का काय?"

सगळे हसले. मग हे बसले. मी शेजारी बसले. गाडी निघाली, उन्हाकडं तोंड करून.

मी म्हटलं, "बैल."

"कुठं?"

"समोर."

"काही नाही समोर."

पांढरा बैल होता. भर रस्त्यात, आडवा. मी हातब्रेक ओढला. गाडी त्याला टेकता टेकता थांबली. बैल हलला नाही. हे काचेतून बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हा व्हय."

इंजिन बंद केलं. स्टेअरिंगवरचे हात तसेच. मग सांगितलं. गेल्या वर्षी भिंगार नाक्यावर एक सायकलवाला असाच दिसला नव्हता. धक्का लागून पडला. उठून शिव्या देऊन गेला. त्याच आठवड्यात गिऱ्हाईक बघितलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"वर्कशॉपात कळलं असतं, नोकरी गेली असती. स्टोअरकीपरला चिठ्ठ्या वाचता यायला पाहिजेत. पेन्शनीला अजून अवकाश आहे. गाडी का विकली त्याचं लोकांना काहीतरी कारण हवं होतं, तुझी काटकसर त्यांनी आपणहून धरली."

"आणि पेपर?"

"धरतो हातात."

"हँडल?"

"ते चाचपून कळतं."

तेवढ्यात भागूबाई बैलाला हाकलायला आली. म्हणाली, "ह्यो कुनालाच बाजू देत न्हाई. तुमी थांबला ते बरं केलं."

परतीच्या एस.टी.त आम्ही ठरवलं. मोतीबिंदू असेल तर काढता येतो. दिवाळीच्या रजेत पुण्याला दाखवायचं. तोवर कुणाला एक अक्षर नाही. वन्संना तर नाहीच. त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही.

बसचे बोर्ड मी वाचले. हे म्हणाले, "मोठ्यानं नको वाचूस."

५ ऑक्टोबर, खंडेनवमी

विळी मांडली. ह्यांचा चष्मा मांडला.

६ ऑक्टोबर, दसरा

वन्सं सोनं द्यायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "हँडलसुद्धा देऊन टाकलं म्हणे? वहिनी, निदान आज तरी खरं सांगा. गाडी तुम्हीच विकायला लावलीत ना?"

म्हटलं, "होय. मीच."

"एवढा देवधर्म करता, आणि नवऱ्याची एक हौस जपवली नाही?"

म्हटलं, "पेट्रोल परवडत नव्हतं."

पहाटे देवीला आधीच सांगून ठेवलं होतं.