डोंगर उघडेल तेव्हा

लुमथांग, मोंगार, भूतान
सहाव्या महिन्याची दशमी

लाडके युडेन,

तू बरी असशील. मीही आहे. हे पत्र चेकीबरोबर पाठवतेय. तीही तुझ्यामागून ऑस्ट्रेलियात, पर्थला निघाली, म्हणजे गावातलं आणखी एक घर कुलूपबंद. फोन असताना आमाला हे पत्राचं काय खूळ, असं म्हणशील. पण फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि मी भलतंच उत्तर देऊन बसते. अक्षर प्रौढशाळेत शिकलेलं आहे, हसू नकोस.

मका बरा आलाय. पण माणसं कमी आणि माकडं फार झालीत. मी डबा बडवते, ती माझ्याकडे बघत बघत कणसं सोलतात.

मुख्य काम आधीच सांगते. नवव्या महिन्यात डोंगर उघडेल, त्या दिवशी तू घरी हवीस. तुझे तिथे राहायचे कागद तोवर हातात येतील, असं तूच म्हणाली होतीस.

यंदाही डोंगर तुझ्या आपांनीच बंद केला. वाटेच्या तोंडाशी फांद्या आडव्या बांधल्या, देवतेला दारू शिंपडली आणि घरांकडे वळून ओरडले, "आजपासून कुऱ्हाड नाही, बांबूचे कोंब नाहीत, गुरं नाहीत, धूर नाही!" ऐकायला मी आणि शेजारचा लेथो.

लेथो म्हणाला, "ऐकायला आहे कोण रे? माकडांना सांगतोस?"

"त्यांना पाठ आहे. तुलाच सांगतोय."

लेथोचा राग तुला ठाऊक आहे. त्याची आई डोंगर बंद असतानाच गेली होती. चितेचा धूर वर गेला की देवता कोपते, गारा पडतात, उभं पीक जातं. म्हणून आपांनी तिला डोंगर उघडेपर्यंत मातीत ठेवायला लावलं. तेव्हापासून लेथोने आपल्या घरी चहा घेतला नाही. आपांशी बोलायचा तो टोमण्यांपुरतं.

आता मात्र रोज येतो. संध्याकाळी बाटली घेऊन परसातल्या अक्रोडाखाली बसतो आणि एकटाच बडबडतो.

वनखात्याची बाई येऊन गेली. वाटेच्या तोंडाशी झाडाला तिने कॅमेरा बांधला होता, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा. पहिल्याच फोटोत आपा आहेत. फांद्या बांधून झाल्यावर ते त्या डबीत डोकावलेत, नुसतं नाकच नाक. त्यानंतर एकही माणूस नाही. भेकर, रानकोंबडे, आणि पिल्लं घेऊन निघालेली अस्वलीण, तीही रमतगमत, अगदी घरच्यासारखी. बाई म्हणाली, "तुमचे मालक भेटले असते तर त्यांना दाखवले असते." मी चहा टाकायला आत गेले. नाकाचा फोटो सोबत ठेवलाय.

मागे फोनवर ढोल ऐकू आले तेव्हा तू विचारलंस, आमा, काय चाललंय? मी म्हटलं, वार्षिक पूजा. आपा कुठेत? म्हटलं, गुरांबरोबर नदीकाठी, तिथे रेंज नाही. ऐन पावसाळ्यात गुरं नदीकाठी कशाला, हे तू विचारलं नाहीस. इकडचं विसरलीस की विचारायची भीती वाटली, मला कळलं नाही.

ती वार्षिक पूजा नव्हती, बाळ. डोंगर बंद केला त्याच आठवड्यात आपा सकाळी चुलीपाशी बसले ते उठलेच नाहीत. त्रास काही झाला नाही.

चेकीचा मामा म्हणाला, गाडी करू, शहरात विजेवर दहन होतं, धूरही दिसत नाही. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या आईला थांबायला लावलेला माणूस स्वतः पळवाटेने कसा जाईल? अक्रोडाखाली खड्डा लेथोने खणला. खणताना म्हणाला, "आता कळेल म्हाताऱ्याला, माती किती गार असते ते." मग घरी गेला आणि स्वतःची जाड घोंगडी आणून खाली अंथरली. माझ्याकडे न बघता, पूर्वीसारखी थोरल्या बहिणीची हाक मारत म्हणाला, "आना, एक चहा दे."

तुला कळवलं असतं तर तू सगळं टाकून धावत आली असतीस आणि इतक्या वर्षांचे कागद वाया गेले असते. हे कारण खरं आहे. पण दुसरंही आहे. तुला सांगितलं नव्हतं तोवर निदान तुझ्यापुरते तरी ते नदीकाठी होते. मला फार एकटं वाटतं, युडेन. अजून चहाचे दोन पेले भरते. दुसरा गार झाला की मीच पिते.

रागावलीस तर रागाव, पण ये. चितेला हात तुझा लागावा. चितेची लाकडंसुद्धा डोंगर उघडल्यावरच तोडता येतात. विमान चुकलं, उशीर झाला, तरी घाबरू नकोस. लेथोला सांगून ठेवलंय, लाकडं सावकाश तोड. तो म्हणाला, "माझी कुऱ्हाड तशीही बोथट आहे."

डोंगर बंद आहे तोवर आपा घरीच आहेत.

तुझी वाट बघणाऱ्या दोघांपैकी,
आमा