बेसाले जाऊन राहिलो

४ ऑगस्ट, सोमवार

पुण्याच्या हेड ऑफिसातून रिपोर्टचा मसुदा आला. पान अकरा वाचताना चहा नाकात गेला! म्हणे — तांडापेठेतल्या आपल्या विणकाम केंद्रामुळे एकवीस कुटुंबांचं राहणीमान इतकं उंचावलं, की ती बेसाला राहायला गेली. बेसाला! शहराच्या पार दुसऱ्या टोकाची ती महागडी वस्ती, जिथे माझ्या पगारात फ्लॅटचा जिनासुद्धा येत नाही!

मुलाखती मी घेतल्यात. बाया काय म्हणाल्या ते मला पाठ आहे. "आमी बेसाले कामाले जाऊन राहिलो." म्हणजे जात आहोत. रोज. भांडी घासायला, पोळ्या लाटायला. कारण केंद्रात विणलेलं कापड कुत्रंसुद्धा हुंगत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्या पुण्याच्या अर्णवने वाचलं — जाऊन, राहिलो. गेलो आणि तिथंच राहिलो! त्या उत्तरांना वर्गवारीचा कोड दिला: 'स्थलांतर, ऊर्ध्वगामी'. सॉफ्टवेअरने मुकाट्याने मोजून दिलं. सॉफ्टवेअरचं माहेर काही विदर्भातलं नाही.

५ ऑगस्ट

अर्णवला फोन केला. "मॅडम, वाक्य तर स्पष्ट आहे." हो रे बाबा, स्पष्टच आहे. 'मी जेवून राहिली' म्हणजे मी जेवले आणि मग ताटाशेजारीच मुक्काम ठोकला! तो हळूच म्हणाला, पैसे देणारी कंपनी बेसाच्या शिफारशीवर फार खूश आहे. कसली शिफारस? पुढचं पान बघा म्हणे.

बघितलं. कुटुंबं बेसाला गेली, सबब केंद्राचं पाळणाघरही बेसाला हलवावं. वा! माणसं तांडापेठेत, पाळणे बेसात!

८ ऑगस्ट

हसू संपलं. केंद्रातली गोपिका डोळ्यांपुढून जात नाही. सकाळी सातला निघते, दोन ऑटो बदलून बेसाला, तीन घरची कामं. पाळणाघर उघडतं दहाला. तोवर तिची गुंजन, अडीच वर्षांची, कधी या शेजारणीकडे, कधी त्या. मागच्या महिन्यात अशीच कोणाच्या तरी तव्यावर हात ठेवला पोरीने. मुलाखतीत हे सांगताना गोपिका रडली नाही, मीच रडले.

आणि आता आहे ते पाळणाघरही उचलून नेणार? मी असेपर्यंत तरी नाही.

१४ ऑगस्ट

अर्णव स्वतः आला! लिननचा कुर्ता, गळ्यात गमछा — गमछ्याचा सल्ला कोणी दिला देव जाणे. बायांना गोल बसवून विचारतो, "पाळणाघर बेसाला हलवलं, तर आपणांस सोयीचं होईल का?" बाया म्हणाल्या, "हाव." गोपिका तर दोनदा म्हणाली — "हाव, हाव." त्याने टिपून घेतलं: एकमत!

परतताना ऑटोत त्याची शाळा घेतली. अरे, इथे 'हाव' म्हणजे होकार नाही! 'ऐकून राहिलो, बोल पुढं', एवढंच. पाहुण्याला तोंडावर नाही कोण म्हणतं? सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलंस, तरी हाव म्हणतील. तो म्हणाला, "मग खरं हो कसं ओळखायचं?" म्हटलं, त्यासाठी इथला जन्म लागतो.

काय सुनावलं! दिवसभर स्वतःवरच खूश.

२० ऑगस्ट

कृष्णकांत सरांना — अर्णवचे आणि माझे साहेब — भलीमोठी मेल पाठवली. एकवीसच्या एकवीस मुलाखती नव्याने कोड करून. 'स्थलांतर' खोडलं, 'रोजची ये-जा' घातलं. 'हाव' ही संमती धरू नये, हे जाड अक्षरात. शेवटी लिहिलं, "माझ्या माणसांची भाषा मला कळते." हे जरा जास्त झालं. राहू दिलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत. गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीत मीही घसा ताणून ओरडले — पुण्याचा रिपोर्ट घेऊन जा गे मारबत!

२९ ऑगस्ट

जिंकले!! सरांचा फोन. "दामिनी, तुझंच बरोबर. बेसा रद्द. कंपनीने तिथे एक तळमजला बघून ठेवला होता, तोही सोडून दिला. पाळणाघर तांडापेठेतच राहील, आहे त्याच वेळेत." वेळेचं नंतर बघू म्हटलं, एका दिवसात सगळं कुठे मिळतं.

अर्णवचीही मेल आली, सरळ मनाने — 'खूप शिकायला मिळालं.' वाईट वाटलं त्याचं. जरासंच. तर्री पोहे खाल्ले, दोन प्लेट, वरून रस्सा मागून.

१ सप्टेंबर, सोमवार

पेढे घेऊन वस्तीत गेले. पाळणाघर कुठ्ठे जात नाही म्हणून सांगितलं. कोणी हात पुढे केला नाही. मला काही कळेना.

गोपिका नुकतीच कामावरून आलेली, गुंजनला कडेवर घेऊन दारात उभी. म्हणाली, "मी त बेसाले कामाचं चौथं घर पकडलं होतं ताई. पाळनाघर तिथं आलं का पोरीले सोबतच नेता येईन म्हनून. त्या पोरानं इचारलं, आमी हाव म्हनलं. त्याले समजलं. तुमाले काहून नाही समजलं?"