हर्षदा नाही का म्हणते

८ जानेवारी, सोमवार
हर्षदा पुन्हा अ‍ॅडमिट. फुप्फुसात पाणी. काल घरी कुणाचं लक्ष नाही बघून शहाळं प्यायली, वर तांब्याभर पाणी. दोन्ही किडन्या गेलेल्या पोरीने! मी पोचले तेव्हा ऑक्सिजनचा मास्क, डायलिसिस चालू, डोळे मिटलेले. चौदा वर्षांची आहे, दिसते दहाची.

तिची आई सुरेखाताई बाजारातून तशीच आलेली. दादरच्या मासळी बाजारात बसते. स्वतःची किडनी द्यायला निघाली आहे, सगळ्या टेस्ट जुळल्यात. पण पोरगी हे असं करते. गोळ्या उशीखाली, पाणी चोरून.

डॉ. साठे किडनीचे मोठे डॉक्टर, वॉर्ड त्यांचा. राउंडला पलंगापाशी उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "ही अशी वागणार असेल तर ट्रान्सप्लांट कशाला करायचं? मॅडम, समजवा हिला."

समजवा. तीन वर्षं झाली इथे समुपदेशक म्हणून, अजून मला समजवायलाच बोलावतात.

१० जानेवारी, बुधवार
आज समजावलं नाही. पत्ते घेऊन गेले.

चार तास मशीनवर पडून राहायचं, डाव्या हातात सुया. तिने पत्ते उशीला टेकवून लावले, उजव्या हाताने खेळली. "चॅलेंज येतं का मॅडम?" येतं म्हटलं. पत्ते उलटे टाकायचे, बिनधास्त खोटं सांगायचं. समोरच्याला संशय आला तर त्याने चॅलेंज म्हणायचं. तीन डाव हरले. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू देत नाही ही मुलगी.

सिस्टर हसून म्हणाल्या, "मजा आहे तुमची." असू दे.

घरी आईने विचारलं, आज काय केलंस? म्हटलं, पत्ते खेळले. "आणि पगार देतात?" आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत अजून कुणालाच माझी नोकरी नीट कळलेली नाही. आईलाही.

१५ जाने., सोम.
ह. शी गप्पा. शाळा, मैत्रिणी, नारळी पौर्णिमेला नेसायची साडी. किडनीचा विषय निघाला की कंटाळल्यासारखं करते. "मला नाही कंट्रोल होत मॅडम. तहान लागते. मी तशीच आहे."

हे वाक्य पाठ केल्यासारखं येतं. दर वेळी तेच, त्याच सुरात.

सिस्टरना विचारलं, वॉर्डात असताना पाणी मागते का? त्या म्हणाल्या, नाही हो, इथे एकदम शहाणी. चोरून पिते ते घरीच. आणि नेहमी डॉ. साठ्यांची ओपीडी असते त्याच्या आधी.

१७ जाने., बुध.
आज लिहायलाच हवं.

खेळता खेळता विचारलं, "खरंच तहान आवरत नाही तुला?"
"नाही आवरत."
पत्ते खाली ठेवले. म्हटलं, "चॅलेंज."

आधी हसली. मग मी हसत नाही हे दिसलं. उशीला टेकवलेले पत्ते पालथे केले.

"आईला सांगणार?"
तिला खरं तेच सांगितलं. तुझ्या जिवाला धोका असेल ते मी लपवून ठेवू शकत नाही. पण काय सांगायचं, कुणी सांगायचं, कसं, ते आपण दोघी मिळून ठरवू. तुझ्या पाठीमागे काही होणार नाही.

मग बोलली. दिवाळीच्या आधी राउंडला कुणीतरी म्हणालं होतं, जी मुलगी गोळ्या घेत नाही तिला किडनी देणं म्हणजे वाया घालवणं. ते हिने ऐकलं आणि ठरवलं. आपण गोळ्या घ्यायच्याच नाहीत. म्हणजे डॉक्टरच नाही म्हणतील. म्हणजे आईची किडनी आईकडेच राहील.

"आईला सांगून बघितलं नाहीस?"
"सांगितलं ना. ती म्हणते गप बस, तुला काय कळतं. शेजारच्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्या परत बाजारात बसल्याच नाहीत. पप्पा बोटीवर, आठ-आठ दिवस घरी नसतात. आईला काही झालं तर?" मग एकदम हळू, "मला तर मशीनची सवय झालीय मॅडम."

फायलीत चार जणांनी लिहिलंय, पेशंट ऐकत नाही. ऐकते ती. सगळं ऐकते.

१८ जाने.
डॉ. साठ्यांशी खडाजंगी. त्यांना पुढच्या महिन्यातली तारीख धरायची आहे. मुलगी ट्रान्सप्लांटला मनाने तयार आहे असं माझं पत्र हवंय.
म्हटलं, नाही देणार. तयार नाहीये ती.
"अहो, ती मायनर आहे. आईवडिलांची सही आहे."
"सही आईवडिलांची, पण गोळ्या हिला घ्यायच्यात, जन्मभर. आत्ता जबरदस्तीने केलंत तर ती ही किडनीसुद्धा..."

मग कारण सांगितलं. एवढं सांगायची परवानगी ह. ने दिली होती. ते वाक्य कुणाचं, हे मी विचारलं नाही. तेच म्हणाले, "माझंच असणार." चष्मा काढून पुसत बसले. "तारीख पुढे ढकलू. तुम्हाला किती वेळ लागेल?"
माहीत नाही म्हटलं. पहिल्यांदाच यावर कुणी चिडलं नाही.

१९ जाने., शुक्र.
डॉ. साठे एकटेच आले, स्टूल ओढून ह. च्या शेजारी बसले. सॉरी म्हणाले. तेवढंच. ती इतकी ओशाळली की त्यांनाच म्हणाली, "टेन्शन नका घेऊ सर."

२४ जाने., बुध.
माय-लेकींना समोरासमोर बसवलं. काय बोलायचं ते ह. ने चार दिवस माझ्याबरोबर घोकलं होतं. आयत्या वेळी सगळं विसरली, रडत रडत एकच वाक्य, "मला तुझी किडनी नको."

सुरेखाताईला आधी राग. असा आवाज की बाहेरची बाकं रिकामी झाली असतील. "मेली असतीस त्या दिवशी! माझ्यासाठी? माना इचारलंस?"
मी मध्ये पडणार होते. नाही पडले. बरं झालं.

"तू विचारलंस का मला?" ह. म्हणाली.

मग सुरेखाताईच हळू आवाजात, "नाय इचारलं." पदराने आधी लेकीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "बोल. काय इचारायचंय ते आता इचार."

ह. ने विचारलं सगळं. मासळीची पाटी उचलता येईल का? एका किडनीवर माणूस किती जगतं? बाजारात तोवर कोण बसणार? मी सर्जनबाईंना बोलावून घेतलं, त्यांनी सरळ उत्तरं दिली. तीन महिने जड उचलायचं नाही, मग हळूहळू. धोका अगदी शून्य नाही, तेही सांगितलं. बाजाराचं सुरेखाताईने सांगितलं, "माझी भैन बसंल. जागा काय पळून जाते?"

शेवटी ह. म्हणाली, "विचार करते." चौदा वर्षांची मुलगी, आईला सांगते की विचार करते. आणि आई म्हणते, कर.

बसने घरी न जाता लालबागपर्यंत चालत गेले. उगाच. छाती फुगली होती, दुसरं काय.

२ फेब्रु., शुक्र.
ह. ने हो म्हटलं. अट आहे. आईने दर वर्षी स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि तिला घेऊन ह. जाणार. टाळाटाळ चालणार नाही. सुरेखाताई म्हणाली, "ही माझी सासू झाली गो बाय."
गेल्या दोन आठवड्यांत पाणी साचून वजन एकदाही प्रमाणाबाहेर वाढलेलं नाही. एकही गोळी उशीखाली नाही.
आज पत्र दिलं. सही करताना खूप बरं वाटलं.

१२ मार्च, मंगळ.
झालं! दोघी व्यवस्थित. नवी किडनी टेबलावरच चालू झाली, लघवी सुरू. सर्जनबाई बाहेर येऊन हे सांगतात आणि नवस फेडल्यासारखे आम्ही सगळे हात जोडतो, कशाला तर लघवीला.
हर्षदाचे वडील बोट सोडून आलेत. दणकट माणूस, भिंतीला टेकून खाली बसला तो उठेचना.

१४ मार्च
सुरेखाताईला व्हीलचेअरवरून ह. च्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. आतून ह. ने लघवीची पिशवी उचलून दाखवली. अख्खा वॉर्ड हसला.
डॉ. साठ्यांनी सांगितलं, यापुढे ट्रान्सप्लांटच्या प्रत्येक मुलाची पहिली भेट माझ्याशी. तारीख धरण्याआधी. मी "बरं" म्हटलं, आणि जिन्यात जाऊन एकटीच नाचले. (हे कुणालाही सांगायचं नाही.)
आईला मात्र सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग खाली जाऊन शेजारच्या काकूंना म्हणाली, "आमची मुलगी आजारी मुलांचं ऐकते. त्याचं शिक्षण असतं." गॅलरीतून ऐकू आलं.

१६ एप्रिल
ह. फॉलोअपला. गाल फुगलेत, औषधांनी. आरशात बघवत नाही म्हणाली. त्यावर अर्धा तास. किडनी बसली म्हणजे माझं काम संपलं असं सगळ्यांना वाटतं.

२० मे, सोमवार
सकाळी ह. चा फोन. "मॅडम, दोन दिवसांत वजन वाढलंय. पाय दाबला की खड्डा पडतो. लघवी पण कमी आहे. मी गोळ्या सगळ्या घेतल्यात, आईशप्पथ. आम्ही निघालोय."

आईने तिला आणलं नाही. तिने आईला आणलं.

रक्तात क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी कमी काम करतेय. शरीर किडनी नाकारतंय का ते बघायला बायोप्सी. डॉ. साठे आईशी नाही, तिच्याशी बोलले, सगळं. वेळेवर आलीस म्हणाले. तिने तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, तसं त्यांनी सांगितलं.

किती शहाणी झाली आहे ही. अभिमान वाटतोय आणि भीतीही. दोन्ही एकदम.

दुपारी बाकावर सुरेखाताई. "ती घाबरली हाय का गो बाय? माना काय बोलत नाय."
"तिलाच विचारा."

उठली, पदर खोचला, आत गेली. दार उघडंच राहिलं.

"हर्षू, घाबरलीस?"
"हो. तू?"
"मी पन."

मग पलंग करकरला. सुरेखाताई तिच्या शेजारी चढून बसली असणार. मी आत गेले नाही.

रिपोर्ट उद्या.