अंधाऱ्या खोलीला झरोका

१२ फेब्रुवारी १९३७, शुक्रवार

हे हो म्हणाले! मागच्या अंधाऱ्या खोलीच्या छपराला झरोका पाडायचा. जेवताना विचारलं. तोंडात घास होता म्हणून नुसती मान हलवली — पण उभी हलवली! आता फिरायचं नाही, असं लगेच बजावून ठेवलं. सासूबाई ताक वाढत होत्या. म्हणाल्या, "त्या खोलीत दिवसा कोण बसतंय?" मी म्हटलं, "धान्य निवडायला उजेड होईल." त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

खरं कारण इथे लिहिते. वैशाखात माझं बाळंतपण आहे. आई असती तर माहेरी गेले असते, पण आई नाही. आणि आमच्या घरची बाळंतीण त्याच खोलीत निजते. खिडकी नाही. दार लावून घ्यायचं, कौलांच्या फटींत चिंध्या कोंबायच्या, बाजेखाली शेगडी, वर ओव्या-शेपांची धुरी. का, तर बाळंतिणीला वारा बाधतो! दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा त्या धुरात धापा टाकत राहिला आणि नाव ठेवायच्या आधीच गेला. सगळे म्हणाले, देवाची इच्छा. मी नाही म्हणत तसं. देवाला धूर कशाला लागतो?

यंदा त्या खोलीत वारा येणार म्हणजे येणारच.

१५ फेब्रुवारी, सोमवार

घ्या! हे आज काचेचं कौल घेऊन आले. दुकानातून घरी येईपर्यंत दोन्ही हातांनी छातीशी धरून आणलं म्हणे. "उजेड पाहिजे ना तुला? एक मंगलोरी कौल काढायचं, हे बसवायचं, झालं." चेहरा असा खुललेला की रागावताही येईना. माझीच थाप माझ्या अंगाशी आली. काचेच्या कौलातून ऊन येईल, वारा कुठून येणार? त्या खोलीची भट्टी होईल.

मग खरं सांगून टाकलं. हे तांबट, दिवसभर ठोकाठोकीत कान बधिर, घरातही मोठ्याने बोलतात. आज हळू बोलले. "माझ्या आधीची दोन भावंडं त्याच खोलीत गेली. आई कधी बोलत नाही." मला हे ठाऊकच नव्हतं! इतकी वर्षं एका चुलीशी बसतो आम्ही दोघी.

कौल परत गेलं. सासूबाईंना मात्र खरं सांगायचं नाही असं ठरलं. सुईण ठमाबाईंचा शब्द त्यांना वेदासारखा. ऐकलं तर झरोका होण्याआधीच बुजेल.

२१ फेब्रुवारी, रविवार

निसार मिस्त्री येऊन गेले. यांचे जुने दोस्त, सुतारकामात हात धरणारा कुणी नाही. छपरावर चढले, खोलीत उतरले, कानाला पेन्सिल लावून नुसतेच उभे राहिले. मी दाराआडून विचारते, काय झालं? "वहिनी, छपराला भोक पाडणं सोपं आहे. पावसाला ते भोक दिसू नये, हे अवघड."

प्रकार तरी किती! भोकाभोकांचं कौल मिळतं — वारा येतो, पण बाळंतपण लांबलं तर पहिल्या सरीला बाज भिजणार. दुसरं, काचेची झडप, बिजागरी वरच्या अंगाला, खालून काठीने ढकलून उघडायची. तिसरं त्यांनी देवळालीच्या बंगल्यांत बसवलंय — झडप मधोमध दोन खिळींवर फिरते, दोरी ओढली की उघडते, सोडली की आपल्या वजनाने मिटते.

आणि कुठल्या उताराला? मी म्हटलं, मावळतीच्या, तिकडून वारा येतो. मिस्त्री हसले. "तिकडून ऊनही येतं. दुपारी बाजेवर पापड भाजा." म्हणजे उत्तरेच्या उताराला. काच दुधी घ्या म्हणाले, साधी तापते. मी रुसले — मला आभाळ बघायचं होतं! "उघडल्यावर आभाळच आहे की, वहिनी." हे मात्र खरं.

२ मार्च, मंगळवार

काठी की दोरी? दिवसभर डोक्यात तेच. आमटीत दोनदा मीठ पडलं.

९ मार्च, मंगळवार

ठरलं! दोरी!

आज सासूबाई देवळात गेल्या तशी मी खोलीत बाज टाकली, तिच्यावर आडवी झाले आणि झाडूचा दांडा हातात धरून छपराला टेकवायला गेले. पोट आता असं वर आलंय की दांडा निम्म्यातच डुगडुगायला लागला. बाळंतीण काठी ढकलणार कशी? दोरी मात्र निजल्या निजल्या ओढता येईल. कुणाला विचारायला नको, कुणाच्या हातापाया पडायला नको. हात वर केला, धरली, ओढली! मी खोटी खोटी दोरी ओढून बघत होते, तेवढ्यात दारात सासूबाई. प्रसाद हातात, नजर माझ्यावर.

"हे काय चाललंय?"

"झरोक्याची दोरी कुठवर यावी ते बघते."

"उजेडाला दोरी कशाला लागते?"

आली का पंचाईत! तोंडाला येईल ते बोलले, "काच पुसायला उघडावी लागते ना."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग छपराकडे. मग प्रसाद माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "दिवसाउजेडी बाजेवर लोळू नये." बस्स. मी सुटले!

२८ मार्च, रविवार

झाला! झाला! झाला!

शिमगा आटोपल्यावर मिस्त्रींनी कौलं उतरवली. सागवानी चौकट, दुधी काच, मधोमध पितळी खिळी. आणि चौकटीच्या चारी अंगांना तांब्याची पट्टी — ही यांनी स्वतः ठोकली, कौलांच्या आत दुमडून, पाणी वरच्यावर निसटेल अशी. हंडे-घागरी घडवणाऱ्या माणसाने छपराला दागिना घातला. मिस्त्रींनी वरून बादलीभर पाणी ओतलं. आम्ही खाली तोंडं वर करून उभे. एक थेंब नाही!

दोरी पहिल्यांदा मी ओढली. झडप कुरकुरली, फिरली, आणि त्या खोलीतली कोंदट हवा अशी वर गेली की कोपऱ्यातलं जळमट हललेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मला रडू आलं. यांनी लगेच तांब्याच्या पट्टीबद्दल मोठ्याने बोलायला सुरुवात केली.

दोरी अडकवायची खुंटी तेवढी राहिली. मिस्त्री आठवड्याने ठोकतो म्हणाले आणि चांदवडला कामावर गेले. असू दे, मी हातात धरीन.

१४ एप्रिल, बुधवार

बाहेर अंगार, आणि मी माझ्या खोलीत राणीसारखी! दुपारी दोरी ओढून बसते. सासूबाई डाळ निवडायला तिथेच येतात हल्ली. वाऱ्याचं नाव काढत नाहीत. "उजेड बरा पडतो," म्हणतात.

११ मे, मंगळवार

सगळं फसलं.

ठमाबाई खोली बघायला आल्या. वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ह्ये काय क्येलं? डोक्यावर उघडं आभाळ, लेकराला नजर लागंल! बाज हितं नाय चालायची." आणि सरळ बाज ओढून दाराआडच्या कोपऱ्यात नेली. बाळंतिणीची बाज दाराआडच्या कोपऱ्यातच असते — मागच्या खेपेलाही तिथेच होती! मी मापं घेतली, दोरी मोजली, सगळ्या जगाचा विचार केला आणि एवढी साधी गोष्ट विसरले. बाज मी आपली हवी तिथे टाकून बसले होते.

ठमाबाई गेल्यावर कोपऱ्यातल्या बाजेवर निजून हात लांब केला. दोरी लांब, खोलीच्या मधोमध लोंबतेय. उठल्याशिवाय हाताला लागत नाही, आणि बाळंतिणीला उठू कोण देतं? शिवाय मिस्त्री अजून चांदवडलाच, खुंटी नाही. कुणी धरून बसलं तरच झडप उघडी राहणार. कोण बसणार? बाळंतिणीच्या खोलीत यांना पाऊल टाकता येत नाही.

सासूबाई चिंध्यांचं गाठोडं काढून बसल्या होत्या. एकेक झटकत होत्या. भीती वाटते. खरंच फार भीती वाटते.

१९ मे, बुधवार

पहाटेपासून कळा. वही उशीखाली ठेवते.

२३ मे, रविवार

मुलगी! बुधवारी रात्री झाली, लिहायला आज जमतंय. झोप लागली होती, जाग आली ती गालाला वारा लागून. शेगडी दाराबाहेर. चिंध्यांचं गाठोडं तसंच बांधलेलं. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, पाय लांब केलेला, पाळण्याची बांधतात तशी झरोक्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. वर आभाळाचा एक निळा तुकडा.

ठमाबाई दारातून म्हणत होत्या, "आक्का, मिटा ते, लय वारं येतंय लेकराला."

सासूबाईंनी पाय हलवला नाही. "काच पुसायची राहिलीय," म्हणाल्या. "राहू दे उघडं."

मी मान वळवून पाहिलं. फडकं कुठेच नव्हतं.