हातभर अंतर

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा. बसमध्ये मी एकटाच उतारू. ड्रायव्हर गप्पिष्ट निघाला, वाटेत गाडी थांबवून त्याने मला झऱ्याचं पाणी पाजलं आणि आपल्या तिन्ही सासुरवाड्यांची कथा ऐकवली. तीन कशा, ते नीट कळलं नाही. नंतर विचारेन.

वसाहत लहान पण नीटनेटकी आहे. एक शाळा, एक बेकरी, एक लाँड्री, दगडी पाण्याची टाकी. टेकडीवर मोठमोठ्या काचांचं केंद्र आहे, माझी नोकरी तिथेच. काम काय, तर हिंडायचं! पायाला भिंगरी आहे म्हणून आजवर शिव्या खाल्ल्या, आता तिचाच पगार. टेंपोवर क्लीनर होतो, छापखान्यात शाई घोटली, जहाजावर पोतीच्या पोती बटाटे सोलले. पण असलं काम कधी मिळालं नव्हतं.

केंद्राच्या बाई गणितवाल्या. लांबलचक टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला बसल्या होत्या. माझा बिल्ला त्यांनी मोठ्या लाकडी पट्टीने माझ्याकडे ढकलला, कॅरमची सोंगटी ढकलावी तसा. साथ कशी पसरते ते त्यांना आकड्यांत बसवायचंय. त्यासाठी एक खोटा आजार सोडायचा. वसाहतीतल्या सगळ्यांच्या गळ्यात बिल्ला असतो आणि त्यात इवलासा हिरवा दिवा. दोन माणसं हातभर अंतरावर थोडा वेळ थांबली की बिल्ले त्याची नोंद घेतात. एकाचा दिवा पिवळा असेल, तर दुसऱ्याचाही पिवळा होऊ शकतो. काही दिवसांनी पिवळा विझतो. मग तो माणूस बाद.

पहिला पिवळा दिवा माझा. बाहेरचाच माणूस लागतो म्हणे, ज्याला इथे कुणी ओळखत नाही असा. मी म्हटलं, म्हणजे लहानपणच्या खेळासारखं, पहिलं राज्य माझ्यावर. बाई हसल्या. अगदी तसंच, म्हणाल्या.

खोली मिळाली ती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे, माडीवर. पहिल्याच चहाला त्यांनी मला मावशी म्हणायला लावलं आणि माझ्या शर्टाची तीन बटणं, शर्ट अंगात असतानाच, शिवून दिली.

धाकटीला लगेच पत्र टाकलं. आई गेल्यापासून ती काकांकडे पडून आहे, तिथे तिचे हाल आहेत. एका जागी टिकलो की तुला घेऊन येईन, असा शब्द दिला होता. आता टिकणार. केंद्राच्या बाईंनी आपण होऊन विचारलं होतं, घरी कोण आहे. बहीण आहे म्हटल्यावर म्हणाल्या, बोलाव की, शाळेत मदतनीस हवीच आहे.

५ तारीख, बुधवार

दिवसभर बेकरीत होतो. बेकरीवाल्याला सगळे भट्टी म्हणतात, पोटाच्या आकारावरून आणि रागावरूनही. रागावतो पण गरम पाव हातावर ठेवल्याशिवाय सोडत नाही. भट्टीच्या विटा आतून कशा बसवतात ते पाहत बसलो. मधली वीट सैल ठेवतात, नाहीतर फुगून सगळी कमान... असो. त्याचा दिवा पिवळा झाला तेव्हा तो ओरडला की आता पावाचे पैसे दुप्पट. गिऱ्हाइकं हसली.

बाईंच्या भिंतीवर चौकटींचा मोठा तक्ता आहे. उभ्या-आडव्या वयाच्या पट्ट्या आणि कुठलं वय कुठल्या वयाला किती भेटतं त्याप्रमाणे रंग. मुलं मुलांना भेटतात तो कोपरा लालभडक. म्हातारे फिकट. मला म्हणाल्या, शाळेत जात जा, तिथून लवकर पसरतं. गेलो. पोरांना पत्त्यांची जादू दाखवली. एक फुटक्या दातांची चिमुरडी पाठच सोडेना.

८ तारीख, शनिवार

आज गंमत. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे निवृत्त मास्तर राहतात. त्यांचं दार पलीकडच्या गल्लीत आहे, मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही. फक्त खोकला ऐकू येतो आणि रेडिओ. तरी त्यांचा दिवा पिवळा! लागण कुणाची, तर माझी.

केंद्रातला तारवाला, म्हणजे बिल्ले दुरुस्त करणारा, पोट धरून हसला. म्हणाला, तुझी खाट या भिंतीला, त्यांची त्या भिंतीला. मध्ये वीतभर विटा. मागच्या मोजणीत दोन भाऊ होते, वाटणीवरून वर्षानुवर्षं अबोला, एकमेकांचं तोंड पाहत नसत. पण आकड्यांत सगळ्या वसाहतीतले सर्वांत जिवलग हेच, कारण दोघं एकाच भिंतीला टेकून जेवायचे. गणिताला भिंत दिसत नाही, अंतर तेवढं दिसतं, म्हणाला.

यावरून धाकटी आठवली. लहानपणी भांडलो की आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो, तोंड बघायचं नाही म्हणून. पण तिची पाठ हलली की कळायचं, हसतेय. मग मीही फुटायचो.

मावशींचा दिवा अजून हिरवा. जेवताना टेबलाच्या त्या टोकाला बसतात. म्हणतात, मी काही इतक्यात बाद व्हायची नाही, शिवण पडलीय ढीगभर.

१२ तारीख, बुधवार

भट्टी बाद झाला.

मला वाटलं होतं, बाद म्हणजे काय, दिवा विझतो आणि माणूस सुटतो. पाव आणायला गेलो. तो गल्ल्यामागे बसला होता. मी दोनदा हाक मारली. डोळे उघडे, हात पाटावर, पिठाने पांढरे. पीठ सुकून तडकलं होतं. मागे भट्टी गार.

बोट लावून पाहिलं. मेलेला नाही. मेलेला माणूस मी पाहिलाय, आईला पाहिलंय. हे तसं नव्हतं. पण जिवंतही... काय लिहू.

दोन बायका आत आल्या. त्याच्या खुर्चीला वळसा घालून फडताळातला शिळा पाव घेऊन गेल्या. वाटेत स्टूल असलं तर घालतो तसा वळसा. मी विचारलं तर म्हणाल्या, बाद झालाय ना तो.

मावशींना सांगितलं. त्या दोरा ओवत म्हणाल्या, बाद झालेल्याकडे बघायचं नसतं, नियमच आहे तो. फार सहज म्हणाल्या.

१४ तारीख, शुक्रवार

बाईंकडे गेलो. तेच लांब टेबल. विचारलं, बाद म्हणजे नक्की काय?

त्यांनी शांतपणे सांगितलं. लोकांच्या तीन पेट्या करायच्या. ज्यांना अजून लागायचंय ते पहिल्या पेटीत. ज्यांना लागलंय ते दुसरीत. आणि ज्यांच्याकडून आता कुणालाच लागणार नाही ते तिसरीत. तिसरीत बरे झालेलेही येतात आणि मेलेलेही. मी म्हटलं, या दोघांत फरक नाही? म्हणाल्या, हिशोबाला नाही. दोघंही कुणाला भेटत नाहीत.

मग मी विचारलं की माझा दिवा का विझत नाही. सगळ्यांच्या आधीचा माझा.

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तू टिकाऊ निघालास," त्या म्हणाल्या. "असा एकच लागतो."

आणखी म्हणाल्या, पहिली पेटी रिकामी झाली की साथ आपोआप विझते, मग मोजायला काही उरत नाही. ती चालू ठेवायची तर नवी माणसं यावी लागतात. जन्माने, नाहीतर बसने.

टेकडी उतरून तडक टपालपेटी गाठली. धाकटीला पत्र टाकलंय. दुसरं टाकलं, येऊ नकोस. पोचेल का वेळेवर?

१५ तारीख, शनिवार

बिल्ला काढला. पाण्याच्या पिंपात बुडवला, वर झाकण घातलं. हलकं वाटलं. मुद्दाम लाँड्रीत गेलो. लाँड्रीवाली नेहमीची फटकळ, मला म्हणाली की तुझ्या गळ्याला बिल्ला नसला की तू माणसात दिसतोस. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून बोललो. बोलता बोलता तिचा दिवा—

बिल्ल्यात नाही ते. बिल्ला फक्त दाखवतो. माझ्यात आहे.

१७ तारीख, सोमवार

शाळेवरून गेलो. आत नाही गेलो, रस्त्याच्या पलीकडूनच पाहिलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. एकही मूल बाहेर आलं नाही. खिडकीतून दिसत होती. ओळीत, सरळ, हात बाकावर. एकाही गळ्यात दिवा नाही. फुटक्या दातांची ती पहिल्या बाकावर. तिच्यापुढे माझे पत्ते, मी दिलेले. बदामाची राणी वर.

शिपाई ओळींच्या मधून झाडत होता. पाय उचला असंही म्हणत नव्हता. त्यांच्या पायांभोवतीनं झाडत होता.

तो लाल कोपरा. मीच—

मास्तरांचा खोकला थांबलाय. रेडिओ चालू आहे. स्टेशन सरकलंय, नुसती खरखर.

१८ तारीख, मंगळवार

मावशींचा पिवळा कालच दिसला. मी जिन्यातच जेवत होतो, लांब राहत होतो. पण माझी खाट त्यांच्या शिवणाच्या खोलीवर. बरोब्बर वर. फळ्यांची जमीन. तेव्हा सुचलं नाही.

सकाळी करपल्याचा वास आला. खाली गेलो. दूध उतू जाऊन जळलेलं. मावशी शेगडीपाशी उभ्या, हातात डाव. माझ्या कपात साखर घालून ठेवलेली.

गॅस बंद केला. हाक मारली. मावशी म्हटलं, मग आई म्हटलं, तोंडातून गेलं तसं.

खुर्चीत बसवलं. बसल्या. बसवलं तशा बसल्या. भट्टीला आठवडा लागला होता, मावशींना एकच रात्र; वेळ कमी कमी होत चाललाय.

१९ तारीख, बुधवार

फोन फक्त केंद्राच्या फाटकापाशी आहे. काकांना लावला. म्हणाले, निघाली ती, तुझं पत्र आल्यापासून नाचत होती, बिऱ्हाडच घेऊन गेलीय. दुसरं पत्र? कुठलं दुसरं?

उद्या दुपारी पोचेल. तीच बस संध्याकाळी परत जाते. ड्रायव्हर हिरव्यालाच चढू देतो. मला नाही देणार. देऊही नये, मी बाहेर गेलो तर—

तिला नुसतं संध्याकाळपर्यंत लांब ठेवायचं. तेवढंच.

खाट ओढून खोलीच्या मधोमध घेतली.

२० तारीख, गुरुवार

आली. खिडकीतून पाहिलं. डोक्यावर बोचकं, तीच दोन वेण्यांची चाल. गळ्यात बिल्ला, फाटकावरच घातला असणार. हिरवा. हिरवाच.

दाराला कडी, पुढे ट्रंक. खिडकीतून ओरडलो, परत जा, बसमध्येच बस. ती हसली. म्हणाली, दादा, तुझी नाटकं पुरे, भूक लागलीय. जिना चढून आली. दार वाजवतेय.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून सगळं सांगितलं. ओरडून. दुधापासून पत्त्यांपर्यंत. आधी हसत होती. मग खाली गेली. मावशींकडे.

मावशींना हाका मारताना ऐकू येतेय.

—

वर आली. रडतेय. ऐकलं माझं. संध्याकाळच्या बसने जाते म्हणाली. बसपाशी आत्ताच जा म्हटलं. तर म्हणाली, ड्रायव्हर गाडीला कुलूप घालून झोपलाय, आणि रस्त्यावर सगळीकडे ती बसलेली माणसं, दादा. खाली मावशींपाशी बसवत नाही. इथेच बसते, जिन्याच्या वर. दार उघडू नकोस म्हणाली. शहाणी आहे माझी.

उन्हं कलताहेत. थोडाच वेळ.

—

हुंदके थांबत नाहीत तिचे. काय करू? लहानपणापासून ऐकवत नाही मला ते.

आत्ता म्हणाली, "दादा, दार नको उघडूस. नुसती पाठ टेक. मी पण टेकलेय."

ट्रंक सरकवली. बसलो. दाराला पाठ. वही गुडघ्यावर. दार बंदच आहे, कडी घट्ट. फळीतून ऊब लागतेय, तिची. हुंदका आला की फळी हलते. आता कमी झाले. हसतेय बहुतेक, तशीच हलतेय पाठ, बारीक. मलाही—

बस हॉर्न देतेय. ऊठ म्हटलं तिला, जा आता. हो म्हणाली. उठते म्हणाली.

फळी पातळ आहे. बोटभर.

मास्तर. भिंत. देवा, मास्तरांची भिंत

उठलो. धाकटे, दिव्याचा रंग सांग. रंग सांग फक्त

हॉर्न वाजतोय. ती उठत नाहीये. हुंदका नाही. फळीला अजून तिची पाठ आहे, ऊब आहे, हलत नाहीये, कुठला रंग ते तरी