वैरणीच्या खोलीतला कद्दिश

बाबा, तुमच्यावरचा माझा संशय अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाही. तीर्थपुरीच्या गुरांच्या दवाखान्यात तुमची बदली झाली तेव्हा आख्ख्या गावात यहुदी म्हणून आपलंच एक घर होतं. सिनेगॉग नाही, आपल्यातलं कुणी येणंजाणं नाही. शुक्रवारी संध्याकाळी आई मनुका भिजवून शरबत करायची, तुम्ही त्यावर आशीर्वादाची प्रार्थना, किद्दुश, म्हणायचात, बस्स. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचनांच्या त्या छोट्या नळीला, हात लावून तुम्ही तो ओठांना लावायचात, ते शेजारच्या काकू कुंपणाआडून बघायच्या. एकदा त्यांनी आईला धरलंच. "डॉक्टरीणबाई, घरात देव्हारा न्हाई, फोटो न्हाई, मंग तुम्ही पाया पडता तरी कुनाच्या? आन् त्या चौकटीवर काय ठोकून ठिवलंय? करणी-बिरणी तर न्हाई ना?" आई हसली. पण जाता जाता काकू जे बोलल्या त्यावर तिला हसता आलं नाही. "साहेब शनिवारचं दुपारी कुणीकडं जाऊन राह्यले? दवाखान्याला तर कुलूप ऱ्हातंय."

माझा धाकटा भाऊ जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. अडीच वर्षांचं पोर तापात गेलं आणि तुम्ही आठवड्याभरात पुन्हा म्हशी तपासायला लागलात. घरात त्याचं नाव काढायचात नाही. त्याचे कपडे आईने एकटीने आवरले. या माणसाला मुलाचं काहीच वाटलं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यात हे शनिवारचं जाणं. तुम्ही धुतलेला सदरा घालायचात, काखेत एक पिशवी असायची, आणि विचारलं तर "जरा जाऊन येतो" एवढंच. आई तुमच्या सदऱ्यांचा वास घ्यायला लागली होती. मी चौथीत होते, पण ते मला कळत होतं.

एका शनिवारी तिने माझा हात धरला आणि आम्ही तुमच्या मागे निघालो. ऊन रणरणत होतं. तुम्ही दवाखान्याला वळसा घालून मागच्या वैरणीच्या खोलीत शिरलात. आईचा हात घामाने चिंब झाला होता. पत्र्याचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून तुमचा आवाज येत होता. कुणाशी तरी भांडताय असाच. फटीतून मी पाहिलं तर कडब्याच्या पेंढ्यांमध्ये पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून तुम्ही उभे, डोक्यावरून झालरीची पांढरी चादर, सिसीथ, घेतलेली. आणि बोलत होतात मराठीत. "कद्दिश म्हणायला दहा पुरुष लागतात म्हणे. इथे कुठून आणू दहा? माझ्या लेकरासाठी मी एकटाच म्हणणार. तुला चालत नसेल तर तू उठून जा." मग गेलेल्यांसाठीची ती प्रार्थना मूळ भाषेत सुरू केलीत आणि मधेच तुम्हाला रडू फुटलं.

आईने दार ढकललं. मला वाटलं ती आता रडेल, पण ती चिडली होती. "हे घरी का नाही म्हटलंत? मला का नाही सांगितलं?"

तुम्ही चादरीनेच तोंड पुसलंत. "तुझ्यासमोर मोडलो असतो, तर तुला कोण उभं ठेवणार होतं?"

"मी उभी आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मग आईने पदर डोक्यावर घेतला. "बायकांना दहांत धरत नाहीत, माहीत आहे मला. तरी मी थांबते. म्हणा तुम्ही." तिने मलाही ओढून जवळ उभं केलं. तुम्ही म्हणू लागलात. आम्ही दोघी 'आमेन' म्हणत राहिलो. कडब्याची कुसं माझ्या पायांना टोचत होती, पण मी हलले नाही.

मला वाटलं, आता दर शनिवारी आपण तिघं तिथे जाणार. पुढच्या शनिवारी तुम्ही पिशवी घेऊन निघालात ते भलत्याच रस्त्याने. नवी जागा तुम्ही कधीच सांगितली नाहीत. मी आईला म्हटलं, चल, बघू या. ती म्हणाली, "राहू दे. माणसाला देवापाशी बसायला घरच्यांपासून लांब जागा लागते." तिचं समाधान झालं होतं. माझं झालं नाही. जे देवाला सांगितलंत ते आम्हाला सांगण्याजोगं का नव्हतं? आणि तो तरी ऐकायचा का? की कुणी उलट विचारणार नाही म्हणून तुम्हाला तो बरा वाटायचा?

आता मी जालन्यात राहते. पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहते. तिथून फक्त गिरण्यांची धुराडी दिसतात. प्रार्थना पाठ आहेत, पण आपल्या भाषेत बोलल्याशिवाय काही आत पोचत नाही, हे तुमच्याकडूनच उचललं. हे पत्र आपल्या मूळ गावी, कोकणात, तुमच्या कबरीपाशी नेऊन ठेवावं असं मनात होतं. नेणार नाही. तिथे तुम्ही आहात असं मला वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर, गच्चीवर मी 'देवा' म्हणून सुरुवात करते, आणि दुसऱ्याच वाक्याला तुम्हाला जाब विचारत असते.